नाव मागनं सांगा

यंदा ग्रीक महाकाव्य पोरांच्या गळी उतरवूनच दाखवते, असं चंदना मॅडमनी स्टाफरूममध्ये ठणकावून सांगितलं होतं. मॅडम आष्ट्याच्या जैन घरातल्या. उंब्रजच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर इंग्रजी साहित्य शिकवायच्या. गुरुवारी सांगलीहून विषयतज्ज्ञ वर्ग तपासायला येणार होते आणि त्यांच्या अहवालावर पुढच्या वर्षीची नेमणूक ठरणार होती. तेव्हा माघार घेण्याची सोयच नव्हती.

गाडं अडलं ‘झेनिया’ या शब्दापाशी. दारी आलेल्याला आधी पोटभर जेवू घालायचं आणि मगच नाव-गाव विचारायचं, हा जुना ग्रीक रिवाज. मॅडमनी तो तीनदा फळ्यावर लिहिला. पोरांनी तीनदा उतरवून घेतला आणि तीनदा विसरली. शेवटी मॅडम म्हणाल्या, "पाठ करूच नका. करून बघा. अनोळखी माणसाला असं जेवू घालेल त्याला पाच मार्क."

"मॅडम, अनोळखी आणायचा कुठनं?" मानसिंगनं विचारलं. "आमच्या आळीत कुत्रंबी वळखीचं हाय."

चार दिवस अख्खा वर्ग अनोळखी माणूस हुडकत फिरला. स्टँडवर ज्याला हात घालावा तो कुणाचा तरी मेव्हणा निघायचा.

गुरुवारी दुपारी मात्र मानसिंगच्याच दारात एक गृहस्थ उभे राहिले आणि कॉलेजचा रस्ता विचारू लागले. कडक इस्त्रीचा शर्ट, हातात फाईल, चेहरा साफ अनोळखी. मानसिंगनं त्यांना हाताला धरून आत घेतलं आणि ग्रुपवर मेसेज टाकला, "पाव्हणा घावला." दहा मिनिटांत वर्ग सोप्यात हजर.

"अहो, मी सांगलीचा..."

"नाव-गाव मागनं सांगा," संयोगिता म्हणाली. "आदी पाय धुवा."

"पण माझं ऐका तरी..."

"जेवल्याबिगर बोलायचं न्हाई," मानसिंगच्या आजीनं, बनुबाईनं दटावलं. पलटणीतून सुट्टीवर आलेल्या लेकासाठी तिनं सकाळीच मटण शिजवलं होतं. त्यातलं भरलेलं ताट तिनं पाहुण्यापुढं सरकवलं.

इकडे मॅडम रिकाम्या बाकांसमोर घामाघूम झाल्या होत्या. तेवढ्यात शिपाई गुंडा बातमी घेऊन आला. "समदी मानसिंगच्या घरात हायती. सांगलीचा कोन फाईलवाला सायब धरलाय म्हनं. मटण वाढत्यात."

मॅडमनी पदर खोचला आणि धूम ठोकली.

त्या पोचल्या तेव्हा विषयतज्ज्ञ डॉक्टर धन्यकुमार मगदूम रश्श्यासमोर डोळे घट्ट मिटून बसले होते. भोवती वर्ग उभा होता आणि "लाजू नका, हाणा" म्हणत होता. नोकरी तर गेलीच, आता निदान सरांचा धर्म तरी वाचवावा म्हणून मॅडम ओरडल्या, "ताट उचला! सर जैन आहेत!"

बनुबाईनं कपाळावर हात मारला. "आवं, मग आदी न्हाई का सांगायचं?"

बनुबाईनं नव्या ताटात दूध, भाकरी आणि गूळ दिला, तेव्हा भुकेनं कासावीस झालेल्या सरांनी ते सगळं मुकाट्यानं संपवलं. मग तोंड पुसून त्यांनी विचारलं, "हा काय प्रकार होता?"

"झेनिया!" सगळा वर्ग एका सुरात म्हणाला.

आठ दिवसांनी अहवाल आला. ‘विद्यार्थ्यांना महाकाव्य उत्तम समजले आहे. मॅडमची नेमणूक चालू ठेवावी. मात्र पुढील वर्षापासून हा पाठ माझी भेट होऊन गेल्यावर शिकवावा.’