दोरीवरचा पहिला कागद

रेवा, ईशान,

काल मी तुमच्या धाकट्या आजोबांच्या व्हरांड्यातली दोरी सोडली. ती कशासाठी होती हे सांगणारी आता मीच उरले आहे, म्हणून लिहिते.

तुमच्या आजोबांचे धाकटे भाऊ श्रीधर, माझे भावजी, लष्कर भागातल्या आपल्या घरी वरच्या मजल्यावर एकटे राहत. त्यांच्या दोरीवर कपडे नसत, कागद असत. टोपी बाजारातून आणलेल्या लाकडी चिमट्यांनी ओळीने टांगलेले. समोरच्या शर्माबाई विचारत, "भाईसाहब, अख़बार धोकर सुखाते हो क्या?" भावजी म्हणत, "दुनिया की मरम्मत है."

ते खोटं नव्हतं. जगभरची माणसं मिळून, पगाराशिवाय, एक प्रचंड संगणक प्रणाली चालवतात. तिच्या एकेका भागाला एकेक राखणदार असतो. कुणीही दुरुस्ती, म्हणजे पॅच, पाठवावा. राखणदाराने तपासून वर मुख्य माणसाकडे द्यावा. कॉलेजातून निवृत्त झालेल्या भावजींकडे जुन्या, करकरणाऱ्या प्रिंटरांचा भाग होता. पडद्याने डोळे दुखतात म्हणून ते प्रत्येक पॅच तसल्याच प्रिंटरवर मोठ्या अक्षरांत छापत. आमच्या दुपारच्या झोपा त्यातच गेल्या.

"एका चिठ्ठीत एकच दुरुस्ती, आणि कारण लिहा," हा त्यांचा नियम. मी एकदा नळ गळतो आणि पंखा हलतो असं एकत्र लिहून दिलं. चिठ्ठी परत आली. नळाची वेगळी लिहिली, तेव्हा म्हणाले, "कारण?" मी लिहिलं, पाणी गळतंय. नळ दुरुस्त झाला. पंखा रांगेत राहिला. परदेशातल्या मोठमोठ्या इंजिनियरांनाही ते असंच दोन शब्दांत परतवत. त्यांची इंग्रजी उत्तरं जरा माणसांत आणणं माझं काम होतं.

मागच्या उन्हाळ्यात दोरीवरची रांग हलेनाशी झाली. पहिला कागद योहान नावाच्या माणसाचा होता. कुठल्याशा बर्फाळ देशातला. अकरा वर्षांचा पत्रव्यवहार, भेट कधीच नाही. त्याच्या पॅचमध्ये एक चूक होती. भावजींनी विचारलं होतं, उत्तर नव्हतं. मागचे कागद वाढत गेले, दुसरी दोरी बांधावी लागली. मुख्य माणसाचं पत्र आलं, अगदी सभ्य: काम हलत नसेल तर हा भाग दुसऱ्याकडे द्यावा लागेल. मी म्हटलं, योहानला बाजूला ठेवा, मागचे घ्या. "रांग म्हणजे रांग, वहिनी." त्या दिवसांत ते जेवतही अर्धंमुर्धं.

एका सकाळी मला राग आला. मी वर गेले आणि तो कागद सरळ चिमट्यातून ओढला. त्याच्या मागे दुसरा कागद होता, त्याच चिमट्यात. योहानच्या मुलीचं पत्र, दोन महिन्यांपूर्वीचं. वडील गेले, शेवटपर्यंत तुमच्या प्रश्नाचं उत्तर लिहायचं म्हणत होते.

मी भावजींकडे पाहिलं. ते भिंग पुसत होते.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"हो. पण हा काढला की रांग पुढे सरकणार."

मी कागद परत लावला आणि खाली येऊन चहा केला. चहा घेऊन गेले तेव्हा ते संगणकासमोर बसले होते. दुसऱ्याची चूक आपण सुधारायची नाही, ती ज्याची त्याने सुधारावी, हा त्यांचा आणखी एक नियम. तो त्यांनी त्या दिवशी मोडला. चूक स्वतः सुधारली आणि पॅच योहानच्या नावाने वर पाठवला. सोबतच्या पत्रातला एक शब्दही मला बदलावा लागला नाही.

मग महिनाभरात त्यांनी दोन्ही दोऱ्यांवरचे पॅच निकाली काढले आणि तो भाग आपणहून दुसऱ्याच्या हवाली केला. थंडीत ते गेले. काल दोरीवर फक्त मुलीचं पत्र होतं. ते मी माझ्या कपाटात ठेवलं आहे.

तो भाग अजून चालतो. त्यातल्या त्या दुरुस्तीपाशी दोन नावं आहेत: लिहिणारा योहान, तपासणारा श्रीधर.