शून्य चुकांची अक्कू

ज्याला मदतीची गरज आहे त्याला कुणीही मदत करतं. ज्याला गरज नाही त्याला मदत करायची तर रीतसर संस्था लागते. लातुरात अशी एक निघाली: बहुभाषिक कुटुंब मार्गदर्शन व साहाय्य केंद्र (दुसरा मजला, फिजिक्सच्या बॅचच्या वर, चपला खाली काढाव्यात). केंद्रानं आधी घरोघर पाहणी केली. दहापैकी अकरा पालकांनी आपलं मूल भाषेच्या बाबतीत धोक्यात असल्याचं मान्य केलं. (एका घरी पाहुण्यानंही सही केली.)

त्याच गल्लीच्या तोंडाशी बसवराजचं झेरॉक्सचं दुकान. दिवसभर लोकांच्या पोरांच्या नोट्स काढून काढून त्याचा पक्का समज झालेला, की ज्याच्या नोट्स नाहीत ते पोराला येतच नसतं. आणि त्याची चार वर्षांची अक्कू तर बिननोट्सची बोलायला लागलेली. कानडी आजीकडून, म्हणजे कमलम्माकडून. निलंग्याकडचं घर भूकंपात गेलं तेव्हा कमलम्मा दोन पातेली आणि कानडी एवढंच घेऊन लातूरला आलेली. मराठी आईकडून, शिवकांताकडून. दखनी शेजारच्या अमीरबीच्या ओट्यावरून. इंग्रजी बालवाडीतून, सध्या 'प्लीज'पर्यंत.

केंद्राचे संचालक सिद्धेश्वर सर एकदा झेरॉक्सला आले. तेवढ्यात जेवणाचं (कानडीत 'ऊट') ताट पुढ्यात घेऊन बसलेली अक्कू आजीला म्हणाली, "अज्जी, ऊट में मिरची लई हाय, नक्को ना प्लीज."

सरांनी चष्मा काढला. "किती दिवसांपासून होतंय हे?"

"जन्मापासूनच, सर," म्हणत बसवराजनं चालू मशीन बंद केलं.

"वेळेत सापडलं म्हणायचं."

लगेच उपचार सुरू झाले. वेळापत्रक आलं. कानडी सकाळी सात ते साडेसात. (शिवकांताला कानडी समजते पण बोलता येत नाही, सबब या वेळात तिनं मुकं राहावं.) त्यापुढं दुपारपर्यंत मराठी. दखनी मंगळवारी आणि शुक्रवारी, फक्त ओट्यावर, तीही उभ्यानं. भूक इंग्रजीतून लागावी. रडण्याला भाषेची अट नाही. केंद्र अगदीच निर्दय नव्हतं.

आणि लातूर म्हणल्यावर निगेटिव्ह मार्किंग आलंच. एका भाषेत दुसरीचा शब्द घुसला की एक मार्क कट. कापायचं काम बापाकडं. बसवराज कानावर लाल पेन्सिल अडकवून घरात फिरू लागला. पहिल्या आठवड्यात अक्कू वजा त्रेसष्टवर गेली. "अवं, जेवू तरी द्या तिला," शिवकांता म्हणाली. पण तेव्हा सकाळचे सव्वासात झालेले, म्हणून तिचाही एक कापला गेला.

आता अक्कू शेवटी लातूरचीच. जे कळायला बाकीच्या पोरांना इथं दोन वर्षं भाड्याच्या खोलीत घालवावी लागतात, ते तिला चौथ्या आठवड्यातच कळलं: खात्री नसेल तर प्रश्न सोडून द्यावा.

तिनं सगळेच सोडून दिले.

केंद्रानं चौकात फ्लेक्स लावला. शून्य चुका! कु. अक्कमहादेवी, वय वर्षे चार. सरांनी स्वतः पेढा भरवला. अक्कूनं मान हलवून आभार मानले.

घरात मात्र आजी वेणी घालताना विचारायची तर पोरगी बोटानं दाखवायची. अमीरबी ओट्यावरून ओरडली, "बच्ची बातच नै करती, कायकू रे बसवा? क्या करा तू उसकू?" बसवराजनं फ्लेक्सकडं हात केला. अमीरबीला वाचता येत नव्हतं, म्हणून ती काही हरखली नाही.

तो दुसऱ्या मजल्यावर गेला. "सर, पोरगी बोलंना झाली."

"बोलत नाही म्हणजे चुकत नाही."

"पर मला तिचा आवाज ऐकायचाय, सर. महिना झाला, 'बाबा' म्हणली न्हाई."

"ते अभ्यासक्रमात नाही," सर शांतपणे म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलं असावं, कारण त्यांनी पंखा वाढवला.

तो खाली दुकानात आला तशी कमलम्मानं त्याच्या कानावरची पेन्सिल काढून घेतली आणि नातीच्या हातात दिली. "मी बोलते, तू माझे मार्क काप. बघू कोण नापास होतंय."

आणि म्हातारी सुटली. कानडीत मराठी, मराठीत दखनी, मधूनच एक 'थँक्यू', तोही शिवी दिल्यासारखा. अक्कू कापत गेली. पानाची एक बाजू भरली, दुसरी भरली, समास भरला. शेवटी तिला राहवेना.

"अज्जी, कागद खतम झाला की. बाबाकू बोल, अजून दे प्लीज."

बसवराज मशीनकडं तोंड करून उभा होता. तो वळला नाही. वळला तर पोरगी गप होईल, एवढं गणित त्यालाही जमत होतं. त्यानं हिरवं बटण दाबलं आणि कोरे कागद काढत राहिला. गिऱ्हाईकं खोळंबली.

कमलम्माचा निकाल वजा चारशे बारा लागला. केंद्रानं या कुटुंबाची नोंद 'सुधारणेपलीकडे' अशी केली आणि सगळं लक्ष विस्ताराकडं वळवलं. नांदेडची शाखा उघडतेय, परीक्षक कमी पडताहेत. हे वाचताना ज्यांनी बसवराजच्या 'न्हाई'खाली आणि शिवकांताच्या 'अवं'खाली मनातल्या मनात रेघ मारली, त्यांना मुलाखतीची गरज नाही. सोमवारपासून यावं. पेन्सिल तुमच्या कानावर आहेच.