साडेनऊ मार्कांचा विरोध

भाषेच्या सरांनी शेवटच्या कागदाखाली लाल शाईने 'अक्षर सुधारा' असं लिहिलं, दहापैकी पाच दिले, पेनाला टोपण लावलं आणि मग कुठे त्यांचं कागदाखालच्या सहीकडे लक्ष गेलं. गठ्ठा पोरांच्या निबंधांचा नव्हताच. नव्या शिक्षण कायद्याबद्दल मत कळवायला नववीच्या चाळीस पालकांनी सहीनिशी लिहिलेली ती पत्रं होती. मार्कांची पद्धत बंद करा असं त्यांतली एकोणचाळीस पत्रं कळकळीने सांगत होती, आणि सरांनी त्यांना मार्क दिले होते. सव्वीस वर्षांची सवय. कागद समोर आला की हात चालू लागतो, डोकं कुठे का असेना.

पत्रं त्याच दिवशी पाचच्या आत मतं गोळा करणाऱ्या सरकारी समितीच्या कचेरीत पोचायला हवी होती. कायदा पहिल्या वर्षी थोड्याच शाळांत लागू होणार होता आणि कुठल्या शाळा घ्यायच्या ते पालकांच्या पत्रांवरून ठरणार होतं. सरांची निकड घरातलीच होती. त्यांची लेक गल्लीतल्या सगळ्यांचे पंखे, इस्त्र्या, पाण्याच्या मोटारी दुरुस्त करून द्यायची, पण नववीत भाषेच्या पेपरात चार मार्कांनी नापास झाली होती. पेपर बापानेच तपासला होता. चार मार्क द्यायला काय झालं होतं, असं सगळं गणगोत म्हणालं. सरांनी दिले नाहीत, आणि तेव्हापासून त्यांना घास गोड लागला नव्हता. लेक पुन्हा त्याच वर्गात बसली होती. यंदाही राहिले तर शाळा सोडेन, असं तिने न रडता सांगून टाकलं होतं. नव्या कायद्यात मार्कांऐवजी हाताचं काम बघून पोरांना वर चढवणार होते. म्हणजे पोरगी तरणार होती.

मुख्याध्यापिका, म्हणजे मोठ्या बाई, यांनी सगळा गठ्ठा चाळून बघितला. मग म्हणाल्या, ही शोभा समितीपुढे जाता कामा नये, सगळ्यांना बोलावून पत्रं नव्याने लिहून घ्या. सरांनी फोन करकरून घसा बसवला. दुपारी दोनला पालक आले, बेकरीवाला पिठाच्या हातांनी, नर्सबाई ड्यूटीच्या कपड्यांत, बसचा ड्रायव्हर घड्याळ बघत. पोरांच्या बाकांत त्यांचे गुडघे मावेनात. सरांनी हात जोडले, चूक कबूल केली आणि जुनी पत्रं परत वाटली. लाल शाईकडे बघू नका, फक्त उतरवून काढा, असं त्यांनी तीनदा सांगितलं. त्यामुळे ज्यांचं लक्ष नव्हतं त्यांचंही गेलं.

"सर, मला साडेचारच?" बेकरीवाला म्हणाला.

"अहो, ते चुकून दिलेत. त्याला काही अर्थ नाही."

"अर्थ नाही कसा? यांना सात आहेत." त्याने नर्सबाईंकडे बोट दाखवलं. "मी पानभर लिहिलंय, यांनी अर्धंच."

नर्सबाईंनी आपला कागद हाताने झाकून घेतला. ड्रायव्हरने विचारलं की पेपर पुन्हा तपासून मिळतो का. सरांनी कपाळाला हात लावला.

सगळ्यांत जास्त, साडेनऊ, मिळाले होते खासगी क्लासवाल्याला. त्याचा धंदाच परीक्षेवर, तेव्हा त्याचं एकट्याचं पत्र कायद्याच्या विरोधात होतं. पण काय पत्र! समास सोडलेला, परिच्छेद पाडलेले, एक खाडाखोड नाही. वाचताना सरांचं रक्त उकळलं होतं, पण मत पटलं नाही म्हणून मार्क कापणं त्यांना जन्मात जमलं नव्हतं. पोटच्या पोरीला जे चार दिले नाहीत, ते याचे कसे कापणार? खाली 'आदर्श उत्तर' असंही त्यांनी लिहून ठेवलं होतं.

हळूहळू वर्ग शांत झाला. क्लासवाल्याचं पत्र या बाकावरून त्या बाकावर गेलं, ते सरांनी पाहिलं. एरवी त्यांनी पोराचा कान पकडला असता, पण ही मोठी माणसं, मांडणी बघत असतील, असं म्हणून ते फेऱ्या मारत राहिले. शेवटची दहा मिनिटं राहिली, असंही ते सवयीने बोलून गेले. साडेचारला गठ्ठा बांधला, पाचला दहा मिनिटं असताना शिपायाने कचेरीत टाकला, आणि सर दिवसभरात पहिल्यांदा पाणी प्यायले.

घरी जाताना बेकरीवाल्याने दुकानातून हाक मारली. "सर, आता तरी नऊ पडतील ना? शब्दाला शब्द उतरवलाय."

"कुठला शब्द?"

"तुमच्या आदर्श उत्तरातला. मार्क नाहीत तर धाक नाही, धाक नाही तर अभ्यास नाही."

"अहो, पण तुम्ही तर कायद्याच्या बाजूने आहात."

"आहेच की. पण त्या बाजूला साडेचार पडले ना, सर."

सर तिथेच दुकानाच्या फळीवर बसले. सगळ्यांनी तेच केलंय का, हे विचारायचं त्यांना धैर्य झालं नाही.

दुसऱ्या दिवशी कचेरीतल्या कारकुनाचा फोन आला. चाळीसच्या चाळीस पत्रं एकमेकांची नक्कल आहेत, तेव्हा नियमाप्रमाणे ती सगळी मिळून एकच धरलीत, असं तो म्हणाला. सरांच्या जिवात जीव आला. म्हणजे विरोध एकच ना, असं त्यांनी पुन्हा पुन्हा विचारून घेतलं.

"एकच. पाठिंब्याचं एक जरी पत्र असतं, तरी बरोबरी झाली असती," कारकून म्हणाला. "बरोबरीवाल्या शाळा आम्ही घेतोय. तुमच्या शाळेचं एकही नाही."

संध्याकाळी सरांनी हे सगळं घरात जसंच्या तसं सांगितलं. बायको डोक्याला हात लावून बसली. लेक कोणाचा तरी पंखा उघडून बसली होती. तिने स्क्रू एकेक करून वाटीत ठेवले.

"चाळीस पत्रं म्हणजे आपलं सोडून," ती म्हणाली. "आम्ही वर्गात एक्केचाळीस आहोत."

सरांनी बायकोकडे बघितलं. शाळेचे कागद तुम्हीच बघता ना, असं ती पुटपुटली.

"मला वाटलं, बाबा," लेक म्हणाली, "सगळ्यांत आधी तुम्हीच दिलं असेल."

लेकीने पंख्याचं पातं उचललं आणि पुसायला घेतलं.