चुन्याचा दुसरा हात

कलावंत गेला की त्याच्यावर पहिला हक्क कवीचा असतो. नातेवाइकांचा नंबर नंतर लागतो, आणि त्यांच्यात मात्रा सांभाळून रडणारे फारसे नसल्यामुळे ते रास्तच आहे.

या हक्काने मनीषनगरच्या मधुसूदनरावांनी आपल्या चित्रकार मित्रावर, चंद्रभानवर, विलापिका लिहिली. ओळी चोवीस. त्यांत 'मी' चौदा वेळा आणि 'चंद्रभान' एकदा (शीर्षकात). शोकसभेत ती गाजली. मग दोन पुस्तक प्रकाशनांत, एका निरोप समारंभात आणि यजमान फारच हट्ट धरून बसल्यामुळे एका बारशातही गाजली. 'तुझ्यामागे भिंत कोरी' या ओळीवर मधुसूदनरावांचा कंठ दाटून येई. दर वेळी, त्याच ओळीवर. (याला साधना म्हणतात.)

भिंत मात्र कोरी नव्हती. नंदनवनातल्या एका बंद पडलेल्या व्यायामशाळेच्या भिंतीवर चंद्रभानने उभ्या जन्मात एकच मोठं चित्र काढलं होतं, आणि ते ठणठणीत शाबूत होतं. निवडणुकीच्या घोषणा, शिकवण्यांच्या जाहिराती, तंबाखूच्या खर्‍याच्या पिचकार्‍या, सगळ्यांनी तेवढी भिंत वगळली होती. मधुसूदनरावांना हे माहीत असायला हवं होतं, कारण चित्राच्या उद्घाटनाला प्रमुख पाहुणे तेच होते. पण पाहुण्यांच्या खुर्च्या भिंतीकडे पाठ करून मांडायची आपली रीत आहे. चित्रकलेवर तासभर बोलून ते तसेच गाडीत बसले. विलापिकेच्या पहिल्या खर्ड्यात 'भिंत साक्षी' होतं. 'कोरी'ला टाळ्या जास्त पडल्या, म्हणून 'कोरी' कायम झालं.

इथे बेसाकडच्या पियुषचा प्रवेश होतो. पियुष प्रायोगिक चित्रपट करतो. प्रायोगिक चित्रपट म्हणजे काय-काय गाळलं हे सांगायला ज्याच्यासोबत दिग्दर्शक पाठवावा लागतो तो. त्याने विलापिका निवडली आणि गाळायला सुरुवात केली. आधी शब्द गेले (प्रतिमेला शब्दांचं ओझं होतं); त्यांच्या जागी कूलरची घरघर आली. मग कवीचा आवाज गेला. मग चंद्रभानचा फोटो गेला, कारण त्याच्यावरून हा चित्रपट कोणाबद्दल आहे ते कळत होतं. मधुसूदनराव प्रत्येक कपातीला 'वा' म्हणत गेले आणि श्रेयनामावलीत आपलं नाव पहिलं राहील एवढं पाहत गेले. अखेर कवितेतली एकच वस्तू उरली : कोरी भिंत. ती टिपायला सगळे नंदनवनात, चंद्रभानच्या घरासमोरच्या भिंतीपाशी पोचले, तर भिंत भरलेली!

दोष कवितेचा असणं शक्य नव्हतं, ती छापून आली होती. म्हणजे चूक भिंतीची. पियुषने चुन्याची बादली मागवली.

बादली पाहून समोरच्या घरातून चंद्रभानची बायको, कांताबाई, भांड्यांच्या ओल्या हातांनीच धावत आल्या.

"काय करून राहिले गा हे?"

"काकू, कवितेसोबत बेइमानी नाही करायची न आपल्याला," पियुष म्हणाला. "सरांनीच लिहिलं आहे, भिंत कोरी."

"कोरी कुठं हाय? डोये फुटले का तुमचे?" कांताबाई मधुसूदनरावांकडे वळल्या. "भाऊजी, तुम्ही सांगा न याले. चित्र हाय म्हना. येवढंच म्हना. तुमची कविता काई मरत नाही त्यानं."

पियुषही अदबीने थांबला. "सर, पूर्ण कोरी, की थोडी कोरी?"

मधुसूदनरावांपुढे पेच पडला. एका पारड्यात मित्राचं सारं आयुष्य, दुसर्‍यात कंठ दाटायची हक्काची जागा. ओळ खोटी ठरवावी, तर पुढच्याच महिन्यात कविसंमेलन होतं. त्यांनी चष्मा पुसला आणि (भिंतीकडे पाहावं लागू नये म्हणून) आभाळाकडे पाहत म्हणाले, "कवितेत आहे, तशी."

पहिल्या हाताने भागलं नाही. चुना वाळेल तसं चित्र आतून वर यायला लागलं. चंद्रभानने रंगात कधी कसर केली नव्हती. दुसरा हात द्यावा लागला. तेव्हा मधुसूदनरावांचा कंठ दाटून आला. कॅमेरा आपल्याकडे नाही हे लक्षात आल्यावर तो मोकळाही झाला.

"रडू नका काकू," पियुष म्हणाला. "शोनंतर प्रश्नोत्तरं राहतात. इथं काय होतं, हे लोक विचारतीलच. तेव्हा माइक तुमच्या हातात. तीच खरी फिल्म!"

कांताबाईंनी घरी उत्तर पाठ केलं.

चित्रपट एकोणीस मिनिटांचा झाला. पांढरी भिंत आणि कूलर. सभागृह भारावलं. प्रश्न बारा आले : पाच लेन्सबद्दल, तीन पांढर्‍या रंगाच्या राजकारणाबद्दल, दोन महोत्सवांबद्दल, एक पार्किंगबद्दल. (बारावा प्रश्न नव्हता, भाषण होतं.) दर प्रश्नाला मधुसूदनराव दचकत होते. आभारप्रदर्शन सुरू झालं तेव्हा त्यांचा जीव भांड्यात पडला. पहिल्या रांगेत कांताबाई ठेवणीतलं पातळ नेसून, उत्तर तयार ठेवून बसल्या होत्या. त्यांना शाल आणि नारळ देण्यात आला. तो घेऊन त्या घरी गेल्या.

त्या प्रेक्षकांना नावं ठेवू नका. तुम्हीही पहिल्या ओळीपासून इथवर आलात, कवीला हसलात, पियुषला हसलात, चुन्याच्या दोन्ही हातांना मनातून हळहळलात. आणि भिंतीवर चित्र कशाचं होतं, हे एकदाही विचारलं नाहीत.