तळ्याचा चार्ज

मीनाक्षीच्या बदलीचा हुकूम आला तेव्हा तिने टेबलाचा खण तिथल्या तिथे रिकामा केला. अळणावरच्या पुढच्या त्या गावात नगरपंचायतीची कारकुनी करायला ती रोज जुन्या हुबळीतून पहाटेची गाडी पकडून यायची, आणि घरी परतायची तेव्हा लेक स्मृती झोपलेली असायची. अलीकडे तर पोर शेजारच्या कुसुमावतीअक्कांना ‘आई’ म्हणू लागली होती आणि आईला, बाप हाक मारतो तशी, ‘मीनाक्षी’. आता बदली हुबळीतच झाली होती. मध्ये फक्त एक तळं आडवं आलं.

आजवर नगरपंचायतीचे हिशेब म्हणजे आला पैसा, गेला पैसा, किराणा दुकानासारखे. मग सरकारला जगाच्या पंगतीत बसायची हौस आली. आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे आता गावाच्या मालकीचं जे जे आहे त्याची किंमत लावून ते हिशेबात मांडायचं आणि दरवर्षी झिजेपोटी थोडी किंमत उतरवायची. बेत चांगलाच होता. आपल्याकडे बेत कधीच वाईट नसतात.

त्या कामासाठी हुबळीच्या देशपांडे नगरातून श्रीनिधी नावाचा तरुण सीए आला. ऊन कडक होतं, म्हणून गावात हिंडण्याऐवजी त्याने पंख्याखाली बसून इंग्रजांच्या काळातला नकाशा उघडला आणि त्यावरून यादी केली. नकाशात भलंमोठं तळं होतं. ते कधीच बुजवलं गेलं होतं आणि त्याच जागेवर ही कचेरी उभी होती. श्रीनिधी बसला होता तीही तळ्याचीच जागा, पण नकाशाला ते ठाऊक नव्हतं. तळं झिजत नाही, म्हणून त्याची किंमत भरभक्कम लागली आणि जिल्ह्यातली सगळ्यात गरीब नगरपंचायत एका दिवसात श्रीमंत झाली. मुख्याधिकारी वादिराज यांचा धारवाडात शाल घालून सत्कार झाला.

पुढे प्रत्येक वस्तू कुणा ना कुणाच्या नावावर करायची होती. आपल्या कचेऱ्यांत जो गैरहजर, त्याच्याच गळ्यात लोढणं पडतं. त्या दिवशी मीनाक्षीची गाडी उशिरा पोचली, तोवर खुर्च्या, पंखे आणि कचऱ्याच्या गाड्या वाटून झाल्या होत्या. तिच्या नावावर तळं लागलं. तिनेही हसत सही केली.

आता तिच्या जागी उमेश आला. माणूस सभ्य, पण ताकही फुंकून पिणारा. त्याच्या चुलत्यांनी न पाहता चार्ज घेतला होता आणि न सापडलेल्या टाइपरायटरांपायी त्यांची पेन्शन अडकली होती. त्यामुळे उमेश प्रत्येक खुर्चीवर स्वतः बसून मगच यादीत खूण करत होता. दुपारी तो यादीतल्या तळ्यापाशी आला.

“तळं दाखवा की, अक्का.”

मीनाक्षीने फरशीकडे बोट केलं. “ह्याच्या खाली आहे बघा.”

“मग वर काढा. बघितल्याबिगर मी सही करत नाही.”

आणि उमेशची सही झाल्याशिवाय मीनाक्षीला इथून सुटता येत नव्हतं. तिने श्रीनिधीला फोन लावला. तो म्हणाला, सोपं आहे, तळं हिशेबातून काढून टाका. मात्र नियमाने कारणं तीनच : विकलं, नष्ट झालं किंवा चोरीला गेलं. विकल्याचे कागद नव्हते. नष्ट झालं म्हणावं तर नगरपंचायत पुन्हा गरीब होणार, आणि सत्काराची शाल परत कशी करायची हे वादिराजांना समजेना. ती त्यांनी घरी अंथरायलाही काढली होती. उरली चोरी.

फौजदारांनी तक्रार शांतपणे ऐकून घेतली. तळं शेवटचं कुणी पाहिलं, कुणावर संशय आहे का, ओळखण्याची काही खूण, सगळं विचारलं. बाजूचा हवालदार मात्र पुटपुटला, “केरी यार ओयतार्री?” तळं कोण कशाला नेईल, या त्याच्या प्रश्नाला कायद्यात उत्तर नव्हतं. फौजदार पंचनाम्याला आले, नकाशावरून मोजणी झाली, आणि तळ्याची जागा निघाली ती वादिराजांच्या केबिनची.

“साहेब, चोरीच्या मालावर तुम्ही खुर्ची टाकून बसलाय,” फौजदार म्हणाले. “आता तुम्हाला स्टेशनात यावं लागतंय.”

वादिराजांनी घाम पुसला आणि तक्रार मागे घेतली. तळं जात नसेल तर ते असलंच पाहिजे, असा त्यांनी निर्णय दिला.

मीनाक्षी सरळ पाणीपुरवठ्याच्या गोपाळअण्णांकडे गेली. त्यांच्या ताब्यात गावाची मोठी टाकी होती आणि टाकीचं पाणी सोडायची चावी कचेरीमागेच होती. स्मृती आपल्याला नावाने हाक मारते, एवढंच तिने त्यांना सांगितलं. अण्णांनी चावी पूर्ण फिरवली.

दुपारचं जेवण आटोपून मंडळी परतली तर कचेरीत गुडघाभर पाणी होतं. फायली तरंगत होत्या. वादिराज कपाटावर चढले होते. कुठून कोण जाणे, दोन बदकंही आली होती. उमेश टेबलावर उभा राहिला, पट्टी बुडवून खोली मोजली आणि मोठ्या समाधानाने लिहिलं : तळं मिळालं, पाण्यासह. खाली सही ठोकली. श्रीनिधीने फोटो मागवून वर सरकारकडे पाठवले. त्या दिवशी मीनाक्षी गाडीत बसली ती गाणं गुणगुणतच.

हुबळीत रुजू व्हायच्या आदल्या दिवशी नवा हुकूम आला. तळं सापडल्याबद्दल नगरपंचायतीचं अभिनंदन होतं. एवढी मौल्यवान मालमत्ता राखणीविना ठेवता येत नाही, असंही होतं. उमेश यांनी आपल्याला पोहता येत नसल्याचा अर्ज दिल्यामुळे त्यांना हुबळीच्या जागी पाठवण्यात येत होतं. तळ्याचा प्रत्यक्ष अनुभव असलेल्या जिल्ह्यातल्या एकमेव कर्मचारी श्रीमती मीनाक्षी यांनी तळ्याचं रक्षण करावं, आणि त्यासाठी सहकुटुंब काठावरच राहावं. काठ म्हणजे कचेरीच्या आवारातला रिकामा बंगला, भाडं माफ.

मीनाक्षी आधी खूप रडली. मग नवऱ्याने, योगेशने, हुकूम पुन्हा वाचला, ‘सहकुटुंब’वर बोट ठेवलं आणि टेम्पो सांगून आला.

सामान उतरवून झाल्यावर स्मृतीने आवारभर धावून पाहिलं. पाणी केव्हाच ओसरलं होतं. ती दमून परत आली आणि तिने मीनाक्षीचा पदर धरला.

“आई, तळं कुठाय?”

मीनाक्षीने तिला उचलून छातीशी धरलं. सरकारी नोकर असल्यामुळे तिला उत्तर एकच देता येत होतं.

“हे काय, बुडालोय की आपण त्यात.”