सहभाग शंभर टक्के

अध्यापक विद्यालयात विद्यार्थ्यांचं लक्ष आहे की नाही, हे ओळखण्याची शास्त्रीय सोय आजवर नव्हती. शिकवणारे सर नुसतेच समोर बघत आणि अंदाज बांधत. ही गंभीर त्रुटी दूर करण्यासाठी फळ्याच्या वर कॅमेरा बसवण्यात आला. कागदोपत्री त्याचं नाव ‘सहभाग मापन प्रणाली’; वर्गात सगळे त्याला ‘डोळा’ म्हणत. भावी शिक्षकांचे चेहरे वाचून प्रत्येकाचा सहभाग तो शेजारच्या पडद्यावर टक्क्यांत दाखवी. पंचाहत्तरच्या खाली राहणाऱ्याला प्रमाणपत्र मिळणार नव्हतं.

पहिल्याच आठवड्यात तळाला गेली ती वहिनी. लग्नानंतर हट्टाने शिकायला आलेली, वर्गात वयाने सगळ्यांत मोठी, म्हणून सारा वर्ग तिला वहिनी म्हणे. तिला एक वाईट खोड होती. नवीन काही ऐकलं की ती खिडकीबाहेर बघत त्यावर विचार करी. डोळ्याच्या लेखी ती तेवढा वेळ गैरहजर असे.

घरी येऊन ती रडकुंडीला आली, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “अगं, त्यात काय एवढं! मी बोलायला लागले की तू कशी बघतेस? डोळे मोठे, मान डोलतेय, आणि कानात अक्षर शिरत नाही. तस्संच बघ की तिथे.”

वहिनी गोरीमोरी झाली. “म्हणजे तुम्हाला कळत होतं?”

“न कळायला काय झालं? मीही माझ्या सासूबाईंकडे तशीच बघायचे.”

दुसऱ्या दिवशी वहिनीचा सहभाग शहाण्णव टक्के झाला. मैत्रिणींनी गुपित विचारलं, तिने मोकळ्या मनाने शिकवलं, आणि बघता बघता सगळा वर्ग नव्वदीच्या पुढे गेला.

सरांना आधी आनंद झाला. मग धास्ती वाटू लागली. विनोद सांगा, नाहीतर अनाथ मुलांची कहाणी सांगा, समोर तेच स्मित. एका दुपारी बालमानसशास्त्र शिकवताना ते नेहमीच्याच आवाजात म्हणाले, “मुलं उन्हाळ्यात पिकतात. पिकली की देठापासून अलगद तोडावीत आणि गवतात घालून ठेवावीत.”

माना डोलल्या. काहींनी लिहून घेतलं. पडद्यावर वर्गाचा आकडा प्रथमच शंभरावर गेला.

वहिनीचीही मान डोलली होती. पण वाक्य उशिरा का होईना आत पोचलं, आणि ती ताडकन उभी राहिली. “सर, मुलं तोडायची?”

कपाळाला आठी पडली, डोळ्याने ती टिपली, आणि आकडा कोसळला. सरांच्या डोळ्यांत पाणी आलं. “शाबास! कुणीतरी ऐकतंय!”

तेवढ्यात कार्यालयातल्या पडद्यावर आकडे बघत बसलेले प्राचार्य धावत आले. “शंभर होते, बाई! शंभर! तुम्ही उभ्या राहिलात आणि ब्याण्णव झाले.”

“पण सर म्हणाले, मुलं तोडावीत.”

“म्हणू देत ना! मुलं तोडण्याबद्दल दुमत असू शकतं. आकड्याबद्दल नाही.”

सरांनी परोपरीने सांगितलं, की आपण मुद्दाम थापा मारल्या. प्राचार्यांनी त्यांचा विनय मान्य केला आणि ते ‘आदर्श व्याख्यान’ साऱ्या अध्यापक विद्यालयांना पाठवलं. ते लगेच अभ्यासक्रमात आलं, म्हणून वार्षिक परीक्षेतही आलं: ‘मुले तोडण्याची योग्य पद्धत सोदाहरण स्पष्ट करा.’ वहिनीने ‘मुले तोडू नयेत’ असं लिहिलं आणि खोडलं. नोकरी तर हवी होती. शेवटी तिने लिहिलं, ‘देठापासून, अलगद.’ तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही.

एव्हाना शाळांतही डोळा बसला होता. शाळेत रुजू झाल्यावर तिने पहिलं काम केलं ते म्हणजे वर्गातल्या कॅमेऱ्यावर आपला रुमाल टाकला. मुलं भांडू लागली, अडवू लागली, नाही ते विचारू लागली. एका मुलाने तर भर गणितात विचारलं, “बाई, शून्य कुणाला सापडलं? आणि काहीच नाही ते सापडलं कसं?” वहिनीने तो प्रश्न फळ्यावर लिहून ठेवला. घरी जाताना ती रस्ताभर एकटीच हसत होती.

मग पालकसभा झाली. वर्गाचे आकडे पालकांच्या फोनवर येत; या वर्गाचे येईनासे झाले होते. शून्यवाल्या मुलाचे वडील उभे राहिले. माणूस सभ्य, आवाज मऊ.

“बाई, शेजारच्या वर्गाला सत्त्याण्णव आहेत. आमच्या मुलाचं काय?”

“तुमचा मुलगा विचार करतो,” वहिनी अभिमानाने म्हणाली.

“विचार घरी करेल हो. शाळेत त्याने लक्ष द्यायला नको का?”

“घरी विचारतो तो काही?”

“विचारतो की! सारखा डोकं खातो. म्हणून तर त्याला वेगळा फोन घेऊन दिला. आता कसा शांत असतो!”

सगळे पालक समजूतदारपणे हसले. रुमाल काढण्याचा ठराव एकमताने संमत झाला. हसण्यासारखं त्या वडिलांच्या बोलण्यात फारसं नव्हतं. पण प्रत्येकाच्या घरी वेगळ्या फोनची तीच सोय होती. तुमच्याकडेही असेलच.