लसूण आणि तीन हजार सहाशे उंदीर

आमच्या शेजारचे इंगळेभाऊ रोज सकाळी सव्वासहाला ओट्यावर बसून लसणाची एक पाकळी ठेचतात आणि घड्याळाकडे बघत दहा मिनिटं थांबतात. अकराव्या मिनिटाला नाक दाबतात, डोळे मिटतात आणि ती गिळतात. एरंडेल पाजलेल्या लेकराचं तोंड परवडलं, असं तोंड होतं. सहा वर्षांत मी एकही खाडा पाहिलेला नाही.

"ठेचल्याबरोबर खाल्ला त वाया गेला," ते सांगतात. "हवा लागू द्या लागते. मंगच त्यातलं औषध तयार होते."

सुलतानपूरच्या शाळेत ते प्रयोगशाळा परिचर होते. बायको कॅन्सरनं गेली आणि ते लोणारला आमच्या गल्लीत राहायला आले. तेव्हापासून त्यांना प्रत्येक स्वयंपाकघर प्रयोगशाळाच वाटतं. खिशात मिऱ्याची पूड असते. आमच्या हिनं वरण वाढलं की ते वरून भुरभुरतात. "वहिनी, हळद एकटी अंगी लागत नाई. तिले मिऱ्याची सोबत पायजे."

एका लग्नात तर त्यांनी लसणाच्या चटणीपायी दीडशे माणसांची पंगत अडवली. आचाऱ्याच्या पातेल्यावर हात ठेवून उभे. "आताच ठेचली ना? दहा मिनिटं थांबा!"

आचारी म्हणाला, "मास्तर, नवरदेव दोन तास उशिरा आला, त्याले कोणी काई बोललं नाई. तुमचा लसूण मोठा टायमावर चालते!"

दर रविवारी ते चहाला येतात, पेपरातलं कात्रण घेऊन. लसूण, हळद, जवस, डाळिंब. त्या आठवड्यात कॅन्सरला जे काही हरवत असेल ते.

"वाचा. सिद्ध झालं."

"कोणावर?"

"उंदरावर."

मी हिशेबाचा माणूस. कागद घेतो. "उंदीर वीस ग्रॅमचा, मी बहात्तर किलोचा. म्हणजे मी तीन हजार सहाशे उंदीर झालो. त्याला दिला त्या मापानं मी रोज लसूण खायचा, तर भाकरीला पोटात जागा कुठं? आणि उंदराला जमलं ते माणसाला जमेल, हे तरी कुठं लिहिलंय?"

इंगळेभाऊ वाद घालत नसत. कात्रणाची घडी करत, खुशीत चहा संपवत आणि पुढच्या रविवारी नवं कात्रण आणत. हट्टी माणूस, असं मी समजत होतो. गेल्या वर्षात मी अशी बावन्न कात्रणं निकालात काढली.

शेवटी हीच म्हणाली, "काऊन त्यांचं मन मोडता दर वेळी? एकदा हो म्हना ना."

पुढच्या रविवारी लसणाचंच कात्रण आलं. मी ते न वाचताच म्हणालो, "मानलं भाऊ. लसणात काहीतरी आहे खरं."

मला वाटलं, उडी मारतील. त्यांनी कप खाली ठेवला.

"मानता तुमी?"

"मानतो."

कात्रण परत हातात घेतलं. मग म्हणाले, "तिले लसूण लय आवडे. मले वास सहन नोयता होत. लग्न झाल्यावर पयल्याच आठवड्यात मी ताट सरकवलं. मंग तिनं पस्तीस वर्षं घरात लसूण आनला नाई. ठेचासुद्धा बिनलसणाचा." वऱ्हाडात बिनलसणाचा ठेचा म्हणजे केवढी शिक्षा, ते मला ठाऊक आहे. "मायेरी गेली की तेवढा खाये. आता मी खातो. पन मी खाऊन काय होते?"

तेव्हा कुठं माझ्या लक्षात आलं. हा माणूस मला पटवायला येतच नव्हता. दर रविवारी हरायला येत होता, आणि आज मी त्याला जिंकवून ठेवलं होतं.

मी चष्मा लावला, कात्रण ओढून घेतलं आणि शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं.

"भाऊ, मी चुकलो. हेही उंदरावरच आहे. अमक्या बाईनं लसूण खाल्ला असता तर वाचली असती, असं यात कुठंच नाही. तसं कोणालाच सांगता येत नाही."

"उंदीर किती म्हनले होते तुमी?"

"तीन हजार सहाशे."

"पक्कं?"

"हवं तर पुन्हा करून दाखवतो."

"दाखवा," ते म्हणाले आणि खुर्ची जवळ ओढून बसले.